समीकरण आधी कोणत्या रीतीनं शिकवावं: तराजूच्या की पक्षांतराच्या?

सातवीच्या वहीत क्ष दिसू लागला की घरात शिकवणाऱ्याची पंचाईत होते. शाळेत बाईंनी एक रीत सांगितलेली असते, शिकवणीत सर दुसरी सांगतात आणि आई-वडिलांना आपल्या वेळची तिसरीच आठवत असते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं त्यात माध्यमाची भर पडते. थोरली मराठी शाळेतून हायस्कूलला इंग्रजीत गेलेली, धाकटा पहिल्यापासून कन्नड शाळेत, आणि दोघं एकाच टेबलावर अभ्यासाला बसलेली. गणित दोघांचं तेच असतं, पण कुणाला कोणती रीत आधी द्यायची हे ठरवावं लागतं. एकदा हाताला बसलेली रीत दहावीपर्यंत सुटत नाही, म्हणून हा निर्णय घाईत घेऊ नये.

माझं मत आधीच सांगते. सुरुवात तराजूच्या रीतीनं, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच क्रिया करून, करावी आणि पक्षांतर, म्हणजे चिन्ह बदलून पद पलीकडं नेणं, मागाहून द्यावं. बाकीच्या रीती हाताशी असाव्यात, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

एकच उदाहरण सगळ्या रीतींनी करून बघू. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली रताळी बाजारात आली आहेत. पाच किलो रताळी आणि वीस रुपयांची कोथिंबीर-मिरची मिळून १७० रुपये झाले, तर रताळ्याचा किलोचा दर किती?

५क्ष + २० = १७०

पहिली रीत अंदाजाची. दर १० धरला तर ७० होतात, २० धरला तर १२०, ३० धरला तर बरोबर १७०. क्ष म्हणजे काहीतरी भीतीदायक अक्षर नसून अजून न कळलेली एक संख्या आहे, हे लेकराला या रीतीइतकं लवकर दुसरं काही पटवत नाही. पहिले दोन-तीन दिवस हीच वापरावी. पण ७क्ष − ३ = २क्ष + ९ दिलं की ती अडते. २ ठेवलं तर डावीकडं ११ आणि उजवीकडं १३, ३ ठेवलं तर डावीकडं १८ आणि उजवीकडं १५. उत्तर दोघांच्या मध्ये कुठंतरी आहे एवढं कळतं, पण १२/५ असा अपूर्णांक अंदाजानं सापडायला दुपार जाते.

दुसरी उलट्या क्रियेची. शेवटी वीस मिळवले होते, ते आधी काढा: १५०. पाचानं गुणलं होतं, आता भागा: ३०. हिशेबात तरबेज असलेली मोठी माणसं तोंडी असंच करतात. शाब्दिक उदाहरणांना ही फार छान चालते, पण क्ष दोन्ही बाजूंना आला की हिचं काम संपलं. एका शिकवणीची प्रवेश फी ३०० रुपये आणि महिन्याला १५०. दुसरीला प्रवेश फी नाही, पण महिन्याला २००. दोन्हींचा खर्च किती महिन्यांनी सारखा होईल? ३०० + १५०क्ष = २००क्ष. इथं उलटं कुठून निघायचं तेच कळत नाही. दोन्ही बाजूंतून १५०क्ष काढले की ३०० = ५०क्ष उरतं आणि सहा महिने हे उत्तर मिळतं. म्हणजे शेवटी तराजूकडंच यावं लागतं.

खरी निवड तराजू आणि पक्षांतर यांतच आहे. किराणा दुकानातल्या जुन्या दोन पारड्यांच्या काट्यासारखं समीकरण बघायचं: एका पारड्यात जे केलं ते दुसऱ्यातही करायचं, म्हणजे काटा मध्यावर राहतो.

५क्ष + २० = १७०
५क्ष + २० − २० = १७० − २०
५क्ष = १५०
५क्ष ÷ ५ = १५० ÷ ५
क्ष = ३०

पक्षांतरात हेच ५क्ष = १७० − २०, मग क्ष = १५० ÷ ५, असं दोन ओळींत उरकतं. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, एवढं ध्यानात ठेवायचं. वेळ वाचतो, वही वाचते, आणि शिकवणीत ही रीत आवडती का आहे ते कुणालाही समजेल.

पण नवख्याची वही जवळून बघा. ५क्ष = १५० वर आल्यावर मूल लिहितं: क्ष = १५० − ५. किंवा क्ष = १५० ÷ (−५), कारण पाच पलीकडं गेला म्हणजे चिन्ह बदललंच पाहिजे! नियम त्यानं इमानदारीनं पाळला, फक्त तो बेरीज-वजाबाकीच्या पदांसाठी आहे आणि गुणणाऱ्या संख्येला लागत नाही, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. २० − ३क्ष = ५ मध्येही तेच. वीस पलीकडं नेताना क्षच्या आधीचं वजाचं चिन्ह गळतं, ३क्ष = ५ − २० होतं आणि उत्तर −५ येतं. तराजूनं दोन्हीकडं ३क्ष मिळवले की २० = ५ + ३क्ष, मग १५ = ३क्ष, आणि क्ष = ५. ताळा बघा: २० − १५ = ५.

अशा चुकांच्या मुळाशी बरोबरचं चिन्ह आहे. चौथी-पाचवीपर्यंत मुलं ते ‘आता उत्तर लिही’ असंच वाचतात. म्हणून सातवीत वहीत दिसतं: १७० − २० = १५० ÷ ५ = ३०. उत्तर खरं, पण १५० ÷ ५ म्हणजे ३०, आणि १७० − २० काही ३० नव्हे. वेल्सचे गणिती रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली हे चिन्ह वापरलं ते दोन समांतर रेघांइतकं सारखं दुसरं काही नसतं म्हणून. तराजूच्या रीतीत हा सारखेपणा प्रत्येक ओळीत मुलाच्या डोळ्यासमोर राहतो. मला ती एवढ्यासाठीच मोलाची वाटते.

तिलाही मर्यादा आहेत. लिहायला लांब पडते. आणि क्ष + ९ = २ आलं की पारड्याचं चित्र मोडतं, कारण −७ चं वजन कुठल्याच दुकानात नाही. तिथं चित्र सोडून द्यावं आणि ‘दोन्हीकडं तेच करायचं’ एवढं धरून ठेवावं.

एक जुनी रीत मुद्दाम सांगावीशी वाटते: भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं इष्टकर्म, म्हणजे सोयीची संख्या धरून तिच्यावरून खरं उत्तर काढणं. त्यांचं गाव आपल्या शेजारचं विजापूर की चाळीसगावजवळचं पाटण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ग्रंथ मात्र ११५० चा. त्यात कमळांचं उदाहरण आहे. राशीचा तिसरा, पाचवा आणि सहावा भाग तीन देवांना, चौथा देवीला, आणि उरलेली सहा गुरूंना; तर एकूण कमळं किती? सोयीचे ६० धरा. २०, १२, १० आणि १५ मिळून ५७ गेले, उरले ३. हवेत ६, म्हणजे दुप्पट. उत्तर १२०. अपूर्णांकाला घाबरणारी मुलं यानं खुलतात. पण रताळ्याच्या उदाहरणाला हे चालत नाही. तिथं वेगळे वीस रुपये मिळवलेले आहेत, त्यामुळं दर दुप्पट धरला तरी एकूण रक्कम दुप्पट होत नाही.

परीक्षेचं म्हणाल, तर आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला पर्याय दिलेले असतात; तिथं पर्याय समीकरणात ठेवून बघणं सगळ्यांत जलद. दहावीला पायऱ्या लिहायच्या असतात आणि वेळ मोजका असतो, म्हणून तोवर पक्षांतर हातात बसलेलं हवंच.

पक्षांतर कधी सुरू करावं? मूल मधली ओळ आपणहून गाळू लागलं की विचारा, ‘वीस कुठं गेले?’ ‘पलीकडं गेले’ म्हणालं तर अजून आठवडाभर तराजूच चालू द्या. ‘दोन्हीकडून काढले’ म्हणालं तर बिनधास्त पक्षांतर करू द्या.

नववीतलं मूल आधीच पक्षांतर करत असेल आणि चुकत असेल, तर त्याची रीत मोडू नका. जी उदाहरणं चुकली तेवढ्यांतच मधली ओळ लिहायला लावा, आणि आलेलं उत्तर मूळ समीकरणात ठेवून दोन्ही बाजू त्यालाच मोजू द्या.