रेपो दराशी जोडलेले गृहकर्ज : पाच वर्षांच्या वापरानंतर

जानेवारी २०२१ मध्ये आम्ही एका बँकेकडून वीस वर्षांच्या मुदतीचे तीस लाखांचे गृहकर्ज घेतले, तेव्हा रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ टक्के होता, त्यावर बँकेचा स्प्रेड, म्हणजे बँक वर लावते तो जादा दर, ३ टक्के होता आणि महिन्याचा हप्ता २३,२५९ रुपये बसला. बँकांच्या तरत्या (बदलत्या) दराच्या नव्या गृहकर्जांना बाह्य मानदंडाशी, म्हणजे रेपोसारख्या बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी, जोडणे रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०१९ पासून बंधनकारक केले. त्याआधीच्या एमसीएलआर पद्धतीत, म्हणजे बँक स्वतःच्या निधीच्या खर्चावरून दर ठरवी त्या पद्धतीत, दरकपात जुन्या कर्जदारापर्यंत झिरपायला फार वेळ लागे. नव्या पद्धतीत तीन महिन्यांतून निदान एकदा दर नव्याने ठरवावाच लागतो. ही पारदर्शकता मला आजही मोलाची वाटते.

मात्र असा दर जितक्या लवकर उतरतो, तितक्याच लवकर चढतो. महागाईने सहा टक्क्यांची वरची मर्यादा ओलांडल्यावर रेपो दर ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने नियोजित बैठकीची वाट न पाहता ४ मे २०२२ रोजी रेपो दर ०.४० टक्क्याने वाढवला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर नेला. तो निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. कर्ज न घेतलेल्या घरालाही तेल-डाळीची महागाई सोसावी लागते, आणि तिला आवर घालायचा तर कर्ज महाग होणारच. माझी तक्रार आहे ती बँकेच्या वागण्याबद्दल. तिने आम्हाला न विचारता हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवली, आणि हप्ता वाढला नाही म्हणून आम्हीही निर्धास्त राहिलो. एप्रिल २०२३ चा उतारा काढला, तेव्हा २३,२५९ रुपयांपैकी सुमारे २२,७७० रुपये व्याजापोटी गेले होते. मुद्दलातून पाचशे रुपयेदेखील फिटले नव्हते.

दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे ठरवण्याची मुभा कर्जदाराला द्यावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दिले. त्यांच्या आधारे शाखेत लेखी अर्ज देऊन आम्ही जानेवारी २०२४ पासून हप्ता २८,५०० रुपये करून घेतला. घरखर्चाला त्या वर्षी चांगलीच कात्री लागली.

हे कर्ज घ्यावे, असेच मी सांगेन. पण सही करण्यापूर्वी स्प्रेड किती आहे ते विचारावे, कारण रेपो दर सगळ्यांना सारखाच असतो, फरक पडतो तो स्प्रेडमध्ये. वैयक्तिक कर्जदाराला तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क लागत नाही, हीही मोठी सोय आहे. २०२५ मध्ये चार टप्प्यांत रेपो दर ५.२५ टक्क्यांवर आला, तेव्हा हप्ता कमी करून घेण्याचा पर्याय आम्ही नाकारला. जानेवारी २०२६ च्या हप्त्यातून सुमारे ९,९०० रुपये मुद्दलात जमा झाले.