बीए टू प्लस : इंजिनिअरचा माज उतरवणारा कॅल्क्युलेटर

सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातली परीक्षा) लेव्हल १ चा अभ्यास सुरू केला तेव्हा डोक्यात एकच, की गणिताचं टेन्शन नाही, इंजिनिअरिंगला लाप्लास-फूरिये झालेत, इथे काय तर चक्रवाढ व्याज. त्यामुळे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस घेतला आणि मॅन्युअल उघडलंसुद्धा नाही. घ्यावा तर लागतोच म्हणा, या परीक्षेला दोनच जातीचे कॅल्क्युलेटर चालतात, हा (आणि याचा मोठा भाऊ प्रोफेशनल) नाहीतर एचपी १२सी, कॉलेजातला सायंटिफिक कितीही लाडका असला तरी हॉलबाहेर.

पहिल्याच संध्याकाळी २ + ३ × ४ केलं, उत्तर आलं २०. मला वाटलं पीस खराब निघाला, पुन्हा केलं, पुन्हा २०. मग गुपचूप मॅन्युअल उघडलं. झालंय असं की हा चेन मोडमध्ये येतो, म्हणजे तुम्ही ज्या क्रमाने बटणं दाबाल त्याच क्रमाने हिशोब, गुणाकार आधी वगैरे काही नाही. सेकंड नावाचं बटण दाबून फॉरमॅट, मग खालचा बाण चार वेळा, तिथे चेन दिसतं ते सेकंड-सेट करून एओएस (गुणाकार-भागाकार आधी) करायचं. तिथेच दशांश स्थळं २ वरून ९ करा, नाहीतर ०.००४३ सारखा दर स्क्रीनवर ०.०० दिसतो आणि आपण डोकं खाजवत बसतो.

खरी मजा बॉंडमध्ये आली. १००० चा बॉंड म्हणजे कर्जरोखा, कूपन म्हणजे त्यावरचं व्याज ६ टक्के, वर्षातून दोनदा, १० वर्षं, यील्ड म्हणजे बाजाराला हवा असलेला परतावा ८ टक्के. एन (हप्त्यांची संख्या) २०, पीएमटी (दर हप्ता) ३०, एफव्ही (शेवटी मिळणारी रक्कम) १०००, आणि दराच्या जागी मी सवयीने ०.०४ टाकलं, किंमत आली १५८९. यील्ड कूपनपेक्षा जास्त असताना बॉंड १००० च्या वर जाईलच कसा, पण मी तेवढाही विचार न करता उत्तर लिहून मोकळा. दर टक्क्यातच द्यायचा, सहामाहीचा नुसता ४, मग येतं उणे ८६४.१०. ते उणे बघून परत गडबड. ज्या ऑनलाइन क्लासचे व्हिडिओ बघत होतो तिथले सर "आता सीपीटी दाबा" (उत्तर काढायचं बटण) म्हणून पुढे पळायचे, उणे का आलं ते सांगायचेच नाहीत.

शेवटी माझं मलाच सर्किटवरून कळलं. करंटची दिशा आपण आधी धरतो आणि मग शेवटपर्यंत तीच पाळतो, तसंच पैशाचं, खिशातून गेला तर उणे, आला तर अधिक. पीव्ही (आजची किंमत) आणि एफव्ही दोन्ही अधिक टाकून व्याजदर विचारलात तर हा सरळ एरर ५ दाखवतो, कारण कोणी नुसतेच पैसे देत सुटलंय असा व्यवहारच नसतो. माझ्या मते इंजिनिअरला इथे सूत्रं नडत नाहीत, दिशा आणि वेळ नडते.

वेळेचं उदाहरण बघा. दरवर्षी १०००, ५ वर्षं, १० टक्के. हप्ता वर्षाअखेर असेल तर आजची किंमत ३७९०.७९, वर्षाच्या सुरुवातीला असेल तर ४१६९.८७. फरक फक्त बीजीएन (हप्ता सुरुवातीला धरणाऱ्या) मोडचा, आणि तो चालू असल्याची खूण म्हणजे स्क्रीनवर बारीक अक्षरात बीजीएन, बस. मी एकदा तो बंद करायला विसरलो आणि अख्खा सराव पेपर त्यातच सोडवला, सीई/सी (स्क्रीन पुसायचं बटण) कितीही दाबा, मोड जात नाही. जुने आकडेही तसेच राहतात, त्यासाठी सेकंड आणि एफव्ही, म्हणजे सीएलआर टीव्हीएम.

बाकी कॅश फ्लो वर्कशीट भारी आहे, एनपीव्ही-आयआरआर (गुंतवणुकीची आजची निव्वळ किंमत आणि परताव्याचा दर) काही सेकंदात, आणि १८० प्रश्नांना प्रत्येकी दीड मिनिट मिळतं तिथे याची किंमत कळते. आयकन्व्ह (व्याजदर बदलून देणारं वर्कशीट) पण शिकून घ्या, १२ टक्के मासिक चक्रवाढ म्हणजे खरे १२.६८, सूत्र लिहायची गरज नाही. सगळी समीकरणं स्क्रीनवर दिसायची सवय असेल तर एका ओळीची ही स्क्रीन सुरुवातीला गरीब वाटते. १९८१ चा एचपी १२सी मी मित्राचा हातात घेऊन बघितला, त्याला बरोबरचं बटणच नाही, आधी आकडे मग क्रिया, आकडे एकावर एक रचून ठेवणाऱ्या स्टॅकवाल्यांना आवडेल, मी नमस्कार करून परत दिला.

आणि हो, याच्या जोरावर फार उडू नका. क्वांटला (गणिताच्या भागाला) ६ ते ९ टक्के वेटेज, एथिक्सला (व्यावसायिक नीतीला) १५ ते २०, आणि एथिक्सचं बटण यात नाहीये. फिफो-लिफोने (साठ्यातला आधीचा की नंतरचा माल आधी विकला असं धरण्याने) नफा कसा बदलतो हे पण कागदावरच समजून घ्यावं लागतं, मी ते शेवटपर्यंत ढकललं आणि शेवटचे तीन आठवडे त्यातच गेले.

घ्यायचा असेल तर अभ्यासाच्या पहिल्या दिवशीच घ्या, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नको, बोटांना वळण लागायला वेळ लागतो. आणि सीआर२०३२ चा एक जादा सेल आणून ठेवा.