राउटरवर एसक्यूएम: पावसाळ्यापासूनच्या वापराचा अनुभव

कोथरूडला टू बीएचके, १०० एमबीपीएसचं फायबर. संध्याकाळी एकाच वेळी माझी परदेशी टीमसोबतची मीटिंग, मुलीचा ऑनलाइन क्लास, हॉलमध्ये सासूबाईंची मालिका आणि कुणाच्या तरी फोनवरून क्लाउडवर चढणारे फोटो. स्पीड टेस्ट केली की आकडा पूर्ण यायचा, पण मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा. कनेक्शनवाल्यांचं उत्तर ठरलेलं: २००चा प्लॅन घ्या. मी प्लॅन तोच ठेवला, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर) टाकता येईल असा राउटर घेतला आणि त्यावर एसक्यूएम, म्हणजे स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, डेटाच्या रांगेचं नियोजन करणारी सोय, चालू केलं.

आधीच्या राउटरमध्ये ‘डिव्हाइस प्रायॉरिटी’ होतीच. लॅपटॉप ‘हाय’वर ठेवूनही फरक पडत नव्हता, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लाइन भरली की पॅकेटांची (डेटाच्या छोट्या तुकड्यांची) रांग राउटरमध्ये लागतच नाही. अपलोडची रांग भिंतीवरच्या फायबरच्या डब्यात लागते, डाउनलोडची कंपनीच्या टोकाला. तिथे आपली प्रायॉरिटी कोण बघणार? शिवाय हे नियम मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकावर) चालतात, आणि अँड्रॉइड १० व आयओएस १४पासून फोन मूळ पत्ता लपवून बनावट पत्ता दाखवतात. तो बदलला की नियम गळून पडतो.

एसक्यूएम रांगच आपल्या ताब्यात आणतं. वेग मोजून त्याच्या साधारण ९० टक्के आकडा भरायचा. माझ्याकडे दोन्ही बाजूंना ९०,००० केबीपीएस. लाइन कधीच काठोकाठ भरत नाही, त्यामुळे रांग राउटरमध्येच लागते आणि तिथे ‘केक’ नावाची पद्धत वाटणी करते. २०१८पासून ती लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे. मुळातला आजार म्हणजे बफरब्लोट, मोठाल्या बफरांमध्ये पॅकेटं ताटकळत राहणं. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये ‘कोडेल’ हे रांग आटोक्यात ठेवणारं तंत्र मांडलं. केक त्याच घराण्यातलं.

फरक अपलोडला सर्वात जास्त जाणवला. फोटोंचा बॅकअप सुरू असताना पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) आधी शेकड्यांत जायचा, आता वीस-तीस मिलिसेकंदांच्या आत राहतो. अपलोड तुंबलं की डाउनलोडही अडतं, कारण प्रत्येक डाउनलोडच्या पोचपावत्या त्याच रांगेतून बाहेर जातात. मालिका मध्येच गोल फिरत थांबायची ती यामुळेच. सासूबाईंना राउटरमधलं काही सांगितलं नव्हतं, दिवाळीच्या सुमारास त्याच म्हणाल्या, “हल्ली टीव्ही अडकत नाही गं.”

प्रायॉरिटीची यादी मी आता ठेवतच नाही. केकच्या अ‍ॅडव्हान्स्ड पर्यायांमध्ये ‘ड्युअल-एसआरसीहोस्ट’ आणि ‘ड्युअल-डीएसटीहोस्ट’ टाकले (सोबत ‘नॅट’ लिहायला विसरू नका, नाहीतर त्याला घरातली उपकरणं वेगळी ओळखता येत नाहीत) की प्रत्येक उपकरणाला समान वाटा मिळतो. एकाने पन्नास कनेक्शनं उघडली तरी वाटा एकच. चार माणसांच्या घरात मला हे ‘हाय-मीडियम-लो’पेक्षा न्याय्य वाटतं. व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात. तेवढे वेळेवर मिळाले म्हणजे झालं.

वायफायची दुखणी मात्र याने बरी होत नाहीत. आमच्या सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची गर्दी आहे, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आतल्या खोलीत सिग्नल क्षीण, आणि मंद उपकरण हवेतला वेळ जास्त खातं, त्याचा भुर्दंड बाकीच्यांना. म्हणून टीव्हीला केबल ओढली, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेला. हे आधी करा, मग एसक्यूएम.

गुरुवारी वीज जाते तेव्हा राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर असतात; बंद पडून सुरू झालं तरी सेटिंग जात नाही. स्पीड टेस्टचा आकडा थोडा कमी दिसतो, तो दिसणारच. तुमचा प्लॅन ३००च्या वर असेल तर राउटर घेताना अँटेना मोजण्यापेक्षा प्रोसेसर बघा. एसक्यूएमसाठी हार्डवेअर ऑफलोड (प्रोसेसरला वगळून वेगळ्या चिपकडून पॅकेटं पुढे ढकलणं) बंद ठेवावं लागतं, सगळा भार प्रोसेसरवर येतो, आणि स्वस्तातले राउटर तिथेच दम टाकतात.