पी०२६३ आणि स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर

काही शे रुपयांना मिळणारा ईएलएम३२७ पद्धतीचा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावून बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारं यंत्र, कॉमनरेल डिझेलवाल्यांनी (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं ती इंजिनं) जरूर घ्यावा. पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) बदलू नये.

कोड तो नीट वाचतो. पी०२६३, पी०२६६, पी०२६९ आणि पी०२७२ हे अनुक्रमे १ ते ४ नंबर सिलिंडरचे बॅलन्स कोड, म्हणजे त्या सिलिंडरचा जोर बाकीच्यांशी जुळत नाही असं सांगणारे. सोबत फ्रीझ फ्रेम मिळते, म्हणजे कोड पडला तेव्हाचे आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान. ती आधी टिपून घ्या. कोड पुसला की तीही जाते.

ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) प्रत्येक फायरिंगनंतर क्रँकला किती वेग आला ते बघतो. मागे पडणाऱ्या सिलिंडरला डिझेल वाढवतो, पुढे पळणाऱ्याचं कमी करतो. ही भरपाई मर्यादेबाहेर गेली की कोड पडतो. म्हणजे सिलिंडरचा जोर कमी-जास्त आहे एवढंच कळतं, कारण नाही. भरपाईचे आकडे साध्या ॲपमध्ये बहुधा दिसत नाहीत आणि इथेच हा स्कॅनर तोकडा पडतो.

पुढचं काम हातानेच. सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणारे) इंजेक्टर असतील तर चारही इंजेक्टरच्या रिटर्नना (उरलेलं डिझेल परत जाण्याची वाट) सारख्या बाटल्या लावा, गाडीकडच्या रिटर्न नळीचं तोंड बंद करा आणि गरम इंजिन पाच मिनिटं आयडलवर ठेवा. एकच बाटली बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. नोजल (फवारणीचं तोंड) चोंदलेला असेल तर मात्र या चाचणीत सापडत नाही. मग, समजा पी०२६३ आला असेल, तर इंजिन बंद करून १ आणि ३ चे इंजेक्टर अदलाबदल करा. कॉपर वॉशर नवेच घाला, बैठकीतला कार्बन काढा. इंजेक्टरवर त्याचा स्वतःचा कोड (बिघाडाचा नव्हे) छापलेला असेल तर तोही ईसीयूत बदलावा लागतो. हे कोडिंग स्वस्त स्कॅनरला सहसा जमत नाही, गॅरेजमध्येच करून घ्या. यानंतर पी०२६९ आला तर दोष इंजेक्टरचा. पी०२६३ च राहिला तर कॉम्प्रेशन, वाल्व्ह आणि त्या इंजेक्टरची वायरिंग तपासा. नवा इंजेक्टर महाग, कॉम्प्रेशन टेस्ट त्या मानाने स्वस्त.

जुन्या पंपाच्या गाडीत चालू इंजिनवर पाइप सैल करून मिसिंग शोधायची सवय अनेकांना आहे. कॉमनरेलवर हे अजिबात करू नका. आयडललाही रेलमध्ये शेकडो बार दाब असतो, डिझेलची धार कातडीत घुसते.

घेताना एक बघा: आयफोनला साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफाय किंवा बीएलईचा (ब्लूटूथ लो एनर्जी) घ्या. आणि काम झालं की सॉकेटमधून काढा, उभ्या गाडीची बॅटरी उतरते.