इन्व्हर्ट मडमध्ये कॅल्शियम क्लोराइड ब्राइन : काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑइल बेस मड (विहीर खोदताना फिरवायचा तेलाधारित द्रव) बिघडलं की पहिला आळ इमल्सिफायरवर, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरणाऱ्या रसायनावर येतो. ८०:२० चं इन्व्हर्ट मड (८० भाग तेलात २० भाग पाण्याचे थेंब) काही महिने २५ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या ब्राइनवर, म्हणजे खारट द्रावणावर चालवल्यावर मी आधी ब्राइन तपासतो.

शेलमध्ये (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीच्या खडकात) या ब्राइनने छान साथ दिली. पाण्याची ॲक्टिव्हिटी (शुद्ध पाण्याची १; जितकी कमी, तितकं पाणी कमी मोकळं) ०.७५ च्या आसपास राहते, त्यामुळे शेल पाणी ओढत नाही आणि शेकरवर, म्हणजे मड गाळणाऱ्या चाळणीवर, कटिंग्ज (खडकाचे तुकडे) कडक, धारदार येतात. साधं मीठ संपृक्त केलं तरी ०.७५ च्या खाली उतरत नाही. कॅल्शियम क्लोराइडने ती अजून खाली नेता येते. पण वाव आहे म्हणून कॅल्शियम क्लोराइड चढवत राहू नका. ॲक्टिव्हिटी शेलपेक्षा फार खाली गेली की उलट शेलमधलं पाणी मडमध्ये येतं आणि तेल-पाण्याचं प्रमाण घसरतं. मिठाचे थर ड्रिल करताना तर जास्तच सांभाळावं लागतं. ब्राइनमध्ये सोडियम क्लोराइड विरघळलेलं असताना वरून कॅल्शियम क्लोराइड टाकलं, तर सोडियमचं मीठ बारीक स्फटिक होऊन बाहेर पडतं. हे स्फटिक पाण्याने ओले असतात, त्यांना बॅराइट (मड जड करणारी पूड) चिकटतं आणि गोळे होतात. अशा वेळी कॅल्शियम क्लोराइड थांबवून थोडं पाणी आणि वेटिंग एजंट (घन कण तेलाने ओले करणारं रसायन) द्यावं.

खरा शत्रू मॅग्नेशियम. ते हलक्या दर्जाच्या मिठातून किंवा फॉर्मेशनच्या (खडकातल्या) पाण्यातून येतं आणि मडमध्ये घातलेला चुना खाऊन टाकतं. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका बनतो, मड घट्ट होतं. फॅटी ॲसिडच्या इमल्सिफायरला कॅल्शियमचा साबण बनायला चुना लागतो. तोच उरला नाही तर इमल्सिफायर कितीही ओता. म्हणून जादा चुन्याचं टायट्रेशन (शिल्लक चुना मोजायची चाचणी) मी कधीच टाळत नाही.

ईएस (इमल्शन किती व्होल्टला फुटतं ते मोजणारी चाचणी) ५० अंश सेल्सिअसला घ्या आणि एकट्या आकड्यावर विसंबू नका. मिठाचं प्रमाण बदललं, घन पदार्थ वाढले, तरी व्होल्ट हलतात. रोजचा कल पाहा. एचपीएचटी फिल्ट्रेटमध्ये (जास्त दाब-तापमानाला मड गाळून आलेल्या द्रवात) पाणी दिसलं तर मात्र इमल्शन सैल झालंय, मीटर काहीही म्हणो.

कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या टाकीत विरघळवून घ्यावं. द्रावण चांगलंच तापतं, हातमोजे-चष्मा हवाच. कोरडी पोती थेट मडमध्ये रिकामी करू नयेत.

जमिनीवरच्या विहिरींत कटिंग्जमधलं क्लोराइड मातीला बाधतं, ही या ब्राइनची मोठी उणीव. तिथे कॅल्शियम नायट्रेटचा विचार जरूर करा. बाकी लांब शेल सेक्शनला मी पुन्हा हेच ब्राइन घेईन, फक्त लॉटच्या अहवालात मॅग्नेशियम किती आहे ते पाहूनच.