डीपीडी घ्यावं की सीएफएसमधून माल सोडवावा? न्हावा शेव्याचा अनुभव

न्हावा शेवा बंदरात तुमचा आयात मालाचा फुल कंटेनर (सगळा कंटेनर एकट्या तुमच्याच मालाचा) येणार असेल तर दोन रस्ते आहेत. एक डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी (डीपीडी), म्हणजे टर्मिनलवरूनच कंटेनर ट्रेलरवर घेऊन थेट कारखान्यात, नाहीतर नेहमीसारखा तो सीएफएसला (कंटेनर फ्रेट स्टेशन, बंदराबाहेरचं कंटेनर यार्ड) जाऊ द्यायचा आणि तिथून उचलायचा. मी दोन्ही केलंय, माल मशिनरी पार्ट्सचा आणि कारखाना चाकणला. एलसीएलवाल्यांना (ज्यांचा माल इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये येतो) हा प्रश्नच नाही, त्यांचा माल सीएफएसमध्येच उतरतो.

कस्टमच्या कामापुरता आता दोन्हीत फारसा फरक नाही. 2018 पासून डॉक्युमेंट ई-संचितवर (कस्टमची ऑनलाइन सोय) चढतात, ऑक्टोबर 2020 पासून फेसलेस असेसमेंट देशभर आहे, त्यामुळे बीई (बिल ऑफ एन्ट्री, आयात मालाचं कस्टमला द्यायचं डिक्लरेशन) न्हावा शेव्याची असली तरी ती बघणारा अधिकारी कुठल्या शहरात बसलाय ते आपल्याला कळतही नाही, क्वेरी आली की सीएचए (आपला कस्टम एजंट) कॅटलॉग अपलोड करून उत्तर देतो आणि आउट ऑफ चार्जची, म्हणजे माल सोडायच्या कस्टमच्या परवानगीची, पीडीएफ मेलवर येते. आधी अप्रेझरच्या (कस्टमच्या असेसमेंट अधिकाऱ्याच्या) टेबलापाशी जे ताटकळत बसावं लागायचं ते गेलं, आणि हे खरंच फार चांगलं झालं.

माझं घोडं अडलं ते आउट ऑफ चार्जनंतर, सीएफएसच्या बिलापाशी. ड्युटी भरलेली, शिपिंग लाईनची डीओ (डिलिव्हरी ऑर्डर) हातात, ट्रेलर गेटवर उभा, आणि तेव्हा कुठे बिल मिळतं. त्यात हँडलिंग, वजन, ग्राउंड रेंट हे समजू शकतो, पण बाकीच्या दोन-तीन ओळी कशाच्या ते विचारलं तर काउंटरवरचा माणूस म्हणतो टॅरिफमध्ये आहे, आणि टॅरिफ मागितलं तर ऑफिसला मेल करा. भांडत बसलो तर ट्रेलरचा दिवस जातो, शिवाय लाईनचं डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचं भाडं) चालूच असतं, म्हणून शेवटी आपण पैसे भरून मोकळे होतो. रक्कम दरवेळी मोठी असते असं नाही, पण माल विकायचा भाव आधी ठरलेला असतो आणि लँडेड कॉस्ट (माल हातात पडेपर्यंतचा एकूण खर्च) मात्र कंटेनर गेटबाहेर पडेपर्यंत कळत नाही, हे मला सहन होईना. सगळे सीएफएस असेच असतील असं म्हणणार नाही, ज्यांचा रेट लेखी ठरलेला आहे त्यांना कदाचित हा त्रास होत नसेल.

डीपीडीत हा मधला टप्पाच नाही. पण तिथे घाई आहे. कंटेनर उतरल्यापासून साधारण 48 तासांत उचलावा लागतो, नाहीतर तो सीएफएसला जातो आणि तो खर्चही आपल्यावरच. म्हणजे बीई आधी भरलेली, ड्युटी भरलेली, बीएल (बिल ऑफ लेडिंग, लाईनने दिलेली मालाची पावती) सरेंडर झालेलं, ट्रान्सपोर्टर सांगून ठेवलेला, सगळं बोट लागायच्या आत पाहिजे. ऐकायला अवघड वाटतं, पण बीई तशीही आता बोट यायच्या आदल्या दिवसापर्यंत भरावीच लागते, नाहीतर पहिले 3 दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 रुपये दंड, मग निम्मी तयारी झालेलीच असते ना.

तरी प्रत्येकाने डीपीडीच घ्यावं असं नाही. तुमच्या मालाला एफएसएसएआय किंवा प्लांट क्वारंटाईनची एनओसी लागत असेल, आरएमएसमध्ये (कस्टमची जोखीम बघून माल तपासणीला निवडणारी सिस्टिम) वारंवार एक्झामिनेशन निघत असेल, बँकेतून कागद उशिरा सुटत असतील किंवा गोडाऊनला एकदम चार कंटेनर रिकामे करायला जागा नसेल तर सीएफएसच बरं पडेल, तिथे निदान माल ठेवायला जागा आणि थोडा श्वास घ्यायला वेळ मिळतो. पण एकाच सप्लायरकडून तोच तोच माल येतोय आणि कागद वेळेवर येतात अशी परिस्थिती असेल तर मी डीपीडीकडेच झुकेन, माझे नेहमीचे कंटेनर आता तसेच येतात.

सुरू करणार असाल तर बोट यायच्या बऱ्याच आधी लाईनला डीपीडीचं लेखी कळवा आणि कंटेनर 48 तासांत नाही उचलला गेला तर कुठल्या सीएफएसला जाईल तेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या, आणि त्या सीएफएसचा रेट तेव्हाच लेखी मागा.