खूनरहस्याची मेजवानी : घरगुती पार्टीसाठीचा तयार संच

घरच्या मेजवानीसाठी खूनरहस्याचा संच, म्हणजे पाहुण्यांनी पात्रे होऊन जेवता जेवता काल्पनिक खुनाचा छडा लावण्याच्या खेळाचे साहित्य, निवडताना यजमानालाही खेळता येते की नाही, हे आधी पाहावे; या संचात खुनी कोण हे शेवटच्या बंद पाकिटात दडलेले असल्याने यजमानही इतरांइतकाच अनभिज्ञ राहतो, आणि हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. पात्रपरिचय पाहुण्यांना आगाऊ पाठवता येतात, त्यामुळे वेशभूषेला अवधी मिळतो. निमंत्रणपत्रिका मात्र सुमार आहेत. खरी अडचण पात्रसंख्येची आहे : भूमिका 8 असून प्रत्येक पात्राकडे एखादा आवश्यक दुवा असल्याने ऐनवेळी एक जरी पाहुणा गळला तरी तपास अडखळतो, आणि त्यावर पुस्तिकेत तोडगा नाही. पुरावे वाचण्याच्या फेऱ्या जेवणाच्या दोन टप्प्यांमध्ये येतात. तेव्हा आधीच करून ठेवता येईल असाच जेवणाचा बेत आखावा.